चार वेळा अमेरिका, चार वेळा परत



लग्नकार्यात आपली दोन वयस्क माणसे शेजारी बसली की हा विषय निघतोच: मुंबईस परत जाऊन राहावे का? १९५२ साली आपल्यातील काही कुटुंबे इस्रायलहून खरोखरच परत गेली आणि पुढे त्यांतील बरीच पुन्हा येथे आली. हाच प्रश्न ज्यांच्यापुढे आयुष्यभर उभा राहिला, त्या धर्मानंद कोसंबी यांची हकीकत आज सांगण्याचे योजिले आहे. शाळेत आम्ही त्यांचे नाव बौद्ध धर्माचे पंडित म्हणून ऐकले होते. त्यांच्या येण्याजाण्याकडे मात्र आमचे लक्ष स्वतः देश सोडल्यावरच गेले.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ गावी झाला. शाळा थोडीच झाली. घरी नारळीच्या बागेचे काम होते. 'बालबोध' मासिकात बुद्धाचे चरित्र वाचनात आले आणि मन तिकडे ओढले गेले. १८९९ साली, घरी पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी असता, त्यांनी घर सोडले. काशीस अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले. नेपाळ पाहिले, सिलोनात पाली भाषेचा अभ्यास केला, भिक्षूची दीक्षा घेतली, ब्रह्मदेशातही राहिले. इकडे बाळाबाई कित्येक वर्षे वाट पाहत होत्या.

पुढे कलकत्त्यास पाली शिकविण्याचे काम मिळाले. बस्तान बसत होते. पण आपली विद्या आपल्या माणसांच्या उपयोगी पडावी ही तळमळ त्यांना स्वस्थ बसू देईना. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी दरमहा ५० रुपये देऊ केले. अट एवढीच की महाराष्ट्रातील कोणत्याही शहरी राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे. धर्मानंदांनी २५० रुपयांची जागा नाकारली आणि हे ५० रुपये पत्करले. आपल्या घरी असा हिशेब मांडला असता तर किती जणांनी संमती दिली असती, हे ज्याचे त्याने पाहावे! पुण्यास येऊन त्यांनी डॉ. भांडारकरांच्या साहाय्याने मुंबई विद्यापीठात पाली भाषेला स्थान मिळवून दिले.

तेथेच हार्वर्डचे प्रोफेसर वुड्स भेटले आणि १९१० साली त्यांच्यामुळे धर्मानंद अमेरिकेस गेले. वॉरन नावाचे विद्वान 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाचे संपादन अपुरे ठेवून वारले होते. ते पुरे करावयाचे होते. काम त्यांच्या आवडीचे होते. परंतु ग्रंथावर कोणाचे नाव कसे घालावे यावरून प्रोफेसर लॅनमन यांच्याशी बिनसले. लाचारीने राहण्यापेक्षा परत जाणे बरे, असे ठरवून १९१२ साली ते हिंदुस्थानात आले आणि फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. आता पुण्यात कुटुंबाचे एकत्र बिऱ्हाड झाले.

हे बिऱ्हाडही टिकले नाही. १९१८ साली त्याच ग्रंथासाठी पुन्हा बोलावणे आले. या वेळी थोरली मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर यांना त्यांनी बरोबर नेले. बाळाबाई धाकट्या मुलींसह मागे राहिल्या. मुलांना उत्तम शाळा मिळाली, यात शंका नाही. दामोदर पुढे १९२९ साली हार्वर्डची पदवी घेऊन स्वदेशी आले आणि गणिती व इतिहासकार म्हणून गाजले. तरीही आम्हांस राहून राहून वाटते की राहण्याजाण्याच्या या साऱ्या निर्णयांत बाळाबाईंचे मत कोणी विचारले असेल का? आपल्याकडेही नवऱ्याने तिकीट काढले आणि बायकोने भांडी बांधली, अशीच किती घरे आली!

१९२२ साली धर्मानंद परतले आणि गांधीजींच्या गुजरात विद्यापीठात शिकवू लागले. १९२६ साली तिसऱ्यांदा अमेरिकेस गेले. १९२९ साली रशियात लेनिनग्राडला गेले. तेथे नव्या राज्यव्यवस्थेचे त्यांना कौतुकही वाटले. पण १९३० साली मिठाचा सत्याग्रह उभा राहिला तेव्हा ते देशात होते. शिरोड्याच्या सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला आणि ठाण्याच्या तुरुंगात गेले. हार्वर्डचा पाहुणा तो हा कैदी! सुटल्यावर, १९३१ साली, चौथ्यांदा अमेरिका गाठून त्यांनी उरलेले काम पुरे केले आणि पुढच्या वर्षी परत आले.

त्यानंतर परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभारला. 'विसुद्धिमग्ग' ग्रंथाची देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईस निघाली. शरीर थकले तेव्हा सेवाग्रामला उपोषण करून ४ जून १९४७ रोजी त्यांनी देह ठेवला. स्वातंत्र्यास अडीच महिनेही उरले नव्हते.

ज्या ग्रंथापायी चार वेळा समुद्र ओलांडला, तो हार्वर्डने १९५० साली छापला. त्यावर वॉरन यांच्या नावाबरोबर धर्मानंद कोसंबी हे नाव आहे. त्या साली साखवाळ गाव अजून पोर्तुगिजांच्याच ताब्यात होते.