डॉक्टर नसलेल्या इंजिनिअरनं जगाला शिकवलं, हालचाल आधी डोक्यात करायची असते

नांदेड असो की लातूर, घरात कुणाला लकवा मारला की आधी दवाखान्याकडं पळापळ होते. जीव वाचतो, माणूस घरी येतो आणि खरी लढाई तिथून सुरू होते. हात उचलायचा म्हटलं तरी उचलत नाही. किनवटहून नांदेडला किंवा औराद शहाजानीहून लातूरला रोज व्यायामासाठी ये-जा करणं सगळ्यांनाच जमत नाही.

अशा पेशंटला फिजिओथेरपिस्ट कधीकधी एक अजब वाटणारा व्यायाम सांगतात. डोळे मिटायचे आणि हात हलतोय असं फक्त मनात आणायचं. घरच्यांना वाटतं, ही पेशंटची समजूत काढणं चाललंय.

पण तसं नाही. हा विचार ज्यांनी आयुष्यभर लावून धरला, त्यातलं एक मोठं नाव म्हणजे मोशे फेल्डनक्राईस.

जन्म ६ मे १९०४, आजच्या युक्रेनमधल्या स्लावुता गावचा. चौदाव्या वर्षी त्यांनी घर सोडलं आणि पॅलेस्टाईनची वाट धरली. तिथं बांधकामावर मजुरी केली, शिक्षण पूर्ण केलं आणि स्वसंरक्षणाचे डावपेच शिकवले. त्याच काळात त्यांनी स्वयंसूचनेवरच्या एका पुस्तकाचा हिब्रू अनुवाद केला. मन शरीराला काय सांगतं, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या डोक्यात होता.

१९२९ मध्ये फुटबॉल खेळताना गुडघा गेला.

पुढं पॅरिसला जाऊन ते इंजिनिअर झाले आणि शास्त्रज्ञ फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. १९३३ मध्ये ज्युदोचे जनक जिगोरो कानो त्यांना पॅरिसमध्ये भेटले आणि गडी ज्युदोत उतरला. १९४० मध्ये जर्मन फौजा आल्यावर फ्रान्स सोडून ब्रिटन गाठलं. तिथं पाणबुड्या शोधण्याच्या संशोधनावर काम करताना ओल्या, निसरड्या डेकवर चालून गुडघा पुन्हा उचल खायला लागला. ऑपरेशनच्या यशाची खात्री डॉक्टर देईनात. त्यांनी ऑपरेशनला नकार दिला.

या गुडघ्याचा एक किस्सा ते सांगायचे. दुखऱ्या पायामुळं चांगल्या पायावर लंगडत जाताना घसरले आणि तो चांगला पायही दुखावला. आता दोन्ही पाय गेले असं समजून ते कसेबसे घरी येऊन झोपले. उठून बघतात तर ज्या पायावर उभं राहता येत नव्हतं, तोच पाय वजन पेलत होता.

आता गुडघा काही झोपेत दुरुस्त होत नाही. मग बदललं काय? त्यांनी निष्कर्ष काढला, की मेंदूनं त्या पायाला वापरायची पद्धत बदलली.

इंजिनिअर माणूस. त्यांनी शरीरशास्त्र वाचून काढलं, जमिनीवर पडून बारीक बारीक हालचाली तपासल्या आणि स्वतःला नव्यानं चालायला शिकवलं. १९४९ मध्ये या विषयावर पुस्तक आलं. पुढं इस्रायलला परतून त्यांनी तेल अवीवमध्ये वर्ग सुरू केले. पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन त्यांचे शिष्य झाले आणि सत्तरी गाठलेल्या या नेत्याचा समुद्रकिनाऱ्यावरचा शीर्षासनातला फोटो जगभर गाजला.

त्यांच्या वर्गात एक युक्ती असायची. हालचाल एका बाजूनं सावकाश करायची आणि दुसऱ्या बाजूनं ती फक्त मनात करायची. बऱ्याचदा मनात केलेली बाजूही हलकी वाटायची. मेंदूच्या आजारानंतर वाचणं-लिहिणं हरवलेल्या एका बाईंसोबत केलेल्या कामावर त्यांनी १९७७ मध्ये पुस्तकही लिहिलं. १ जुलै १९८४ ला तेल अवीवमध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांचे सगळेच दावे सिद्ध झालेले नाहीत. पण हालचालीची कल्पना करताना, प्रत्यक्ष हालचालीत काम करणारे मेंदूचे बरेचसे भाग जागे होतात, हे नंतर मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं. लकव्यानंतर नेहमीच्या व्यायामाला अशा सरावाची जोड दिली, तर हाताच्या कामात सुधारणा व्हायला मदत होते, असंही अभ्यासातून पुढं आलं.

हा सराव करायचा कसा? समोर पाण्याचा तांब्या आहे असं समजायचं. दुसरं कुणी तो उचलतंय असं बघायचं नाही, आपलाच हात पुढं जातोय असं आतून अनुभवायचं. बोटं मिटतात, धातूचा गारवा लागतो, वजन जाणवतं, तांब्या ओठाशी येतो. काही मिनिटं सावकाश करायचं आणि थकवा आला की थांबायचं.

मात्र यानं औषध, फिजिओथेरपी आणि प्रत्यक्ष व्यायाम सुटत नाही. कुठली हालचाल मनात करायची हे फिजिओथेरपिस्टला विचारूनच ठरवायचं. पण दवाखाना लांब असलेल्या पेशंटला दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत, खाटेवर पडल्या पडल्या, एक रुपया खर्च न करता करता येईल असं हे काम आहे.