समुद्रावरील एक रेघ : सॅम्युएल प्लिमसोल यांचे चरित्र

बंदरात नांगर टाकून उभे असलेले मालवाहू जहाज ज्या विद्यार्थ्यांनी जवळून पाहिले असेल, त्यांस त्याच्या कुशीवर रंगविलेले एक वर्तुळ व त्यास मधोमध छेदणारी आडवी रेघ दिसली असेल. शेजारी आणखी काही लहान रेघा असतात. ऋतू व समुद्र यांस अनुसरून जी रेघ लागू असेल, ती पाण्याखाली जाईल इतका माल जहाजात भरता येत नाही. ही साधी रेघ कायद्यात यावी म्हणून ज्यांनी आपली प्रतिष्ठा पणास लावली, त्या गृहस्थांचे नाव सॅम्युएल प्लिमसोल.

त्यांचा जन्म १० फेब्रुवारी १८२४ रोजी इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी झाला. लहान वयातच शाळा सोडून त्यांनी कारकुनी पत्करली. पुढे इ. स. १८५३ मध्ये लंडनला येऊन त्यांनी कोळशाचा व्यापार आरंभिला. परंतु त्यात ते पार बुडाले. काही काळ अगदी स्वस्त खानावळीवजा बिऱ्हाडात, मजुरांच्या संगतीत त्यांस दिवस कंठावे लागले. गरिबांची सोशिकता व परस्परांविषयीची माया त्यांनी तेथे जवळून पाहिली. पुढे दैव पालटले, हाती पैसा आला. पण ते दिवस ते विसरले नाहीत. इ. स. १८६८ मध्ये डर्बी शहरातर्फे ते पार्लमेंटात निवडून गेले.

तो काळ सागरी व्यापाराच्या भरभराटीचा होता. कोळसा, धान्य, लाकूड व लोखंड यांची ने-आण वाढत होती, आणि जितका माल अधिक तितके भाडे अधिक. जहाजात किती माल भरावा यास कायद्याचे बंधन नव्हते. जुनाट जहाजाचाही भरपूर विमा उतरविता येत असे. त्यामुळे ते बुडाले तरी मालकाचे नुकसान होतेच असे नाही. नुकसान होई ते खलाशांच्या बायकामुलांचे! एकदा करारावर सही केल्यावर, जहाज धोक्याचे दिसले म्हणून खलाशी चढण्यास नाकारू लागला, तर त्यालाच तुरुंगात जावे लागे. सर्वच मालक असे होते असे नाही. भाररेषेच्या कल्पनेस प्रथम चालना देणारे जेम्स हॉल हे स्वतः न्यूकॅसलचे जहाजमालकच होते.

इ. स. १८७३ मध्ये प्लिमसोल यांनी खलाशांच्या हालांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. देशभर खळबळ उडाली, चौकशीसाठी आयोग नेमला गेला, आणि प्लिमसोल यांच्यावर अब्रुनुकसानीच्या फिर्यादीही झाल्या. अखेर सरकारने विधेयक आणले. परंतु २२ जुलै १८७५ रोजी पंतप्रधान डिझरायली यांनी वेळेच्या अभावी ते सोडून देत असल्याचे जाहीर केले. तेव्हा प्लिमसोल यांचा संयम सुटला. भर सभागृहात मूठ उगारून त्यांनी काही सभासदांस दुष्ट म्हटले. आठवड्याने त्यांनी शब्दांबद्दल क्षमा मागितली. मात्र सांगितलेल्या हकीकतीतील एक अक्षरही मागे घेतले नाही. लोकमत त्यांच्या बाजूस उभे राहिले. त्याच वर्षी तात्पुरता व १८७६ मध्ये कायमचा कायदा झाला.

तथापि त्या कायद्यात एक पळवाट राहिली होती. रेघ काढणे सक्तीचे झाले. पण ती कोठे काढावी हे मालकाच्याच मर्जीवर होते! ती जागा कायद्याने निश्चित होण्यास १८९० साल उजाडले, आणि १९३० मध्ये लंडन येथे अनेक राष्ट्रांनी मिळून भाररेषेचा करार केला. तो पाहण्यास प्लिमसोल हयात नव्हते. ३ जून १८९८ रोजी फोकस्टन येथे त्यांचे देहावसान झाले होते. थेम्स नदीच्या काठी खलाशांच्या संघाने १९२९ मध्ये त्यांचे स्मारक उभारले.

इ. स. २०२१ मध्ये एका अजस्र जहाजाने सुएझचा कालवा सहा दिवस अडविला, तेव्हा अडकलेल्या मालाची चिंता साऱ्या जगाने केली. ती योग्यच होती. परंतु मालाबरोबर माणसेही समुद्रावर असतात, याची आठवण ती रेघ आपणांस देते. लोभास कोठेतरी मर्यादा आखावी लागते. विद्यार्थ्यांनो, ती आखणारा मनुष्य मोठा विद्वान असावा लागतो असे नाही. त्यास दुसऱ्याचे दुःख विसरता येऊ नये, इतके पुरे.