आलेक्सी कारेल

आलेक्सी कारेल (२८ जून १८७३ – ५ नोव्हेंबर १९४४) हे फ्रेंच शल्यचिकित्सक व जीवशास्त्रज्ञ होते. १८९४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांचा ल्यों येथे सुरीहल्ल्यात मोठी रक्तवाहिनी तुटून मृत्यू झाला. त्यानंतर कारेल रक्तवाहिन्या शिवण्याच्या प्रश्नाकडे वळले. बारीक टाके घालणे ते एका भरतकाम करणाऱ्या स्त्रीकडून शिकले. या कार्यासाठी त्यांना १९१२ चा वैद्यकाचा नोबेल पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी १७ जानेवारीस न्यू यॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत त्यांनी कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयातील ऊतक काचपात्रात वाढवण्यास सुरुवात केली. ऊतकाला पोषण म्हणून वेळोवेळी भ्रूणाचा अर्क दिला जाई. मुख्यतः आल्बर्ट एबेलिंग यांनी जोपासलेले हे संवर्ध ३४ वर्षे, म्हणजे कारेल यांच्या मृत्यूनंतरही टिकले. त्यावरून पेशी मुळात अमर असतात, हे मत रूढ झाले. इतरांच्या पेशी काही काळाने मरत. पण कारेल यांचा दबदबा एवढा होता, की दोष प्रयोग करणाऱ्याच्या कौशल्याला दिला जाई.

१९३५ च्या ग्रंथात त्यांनी सुप्रजननवादाचा पुरस्कार केला आणि पुढे विशी राजवटीत एका संशोधन प्रतिष्ठानाचे नेतृत्व केले. त्यामुळे त्यांची कीर्ती डागाळली.

१९६१ मध्ये लेनर्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनी सामान्य मानवी पेशींचे विभाजन सुमारे ५० वेळांनंतर थांबते, असे दाखवले. कारेल यांच्या संवर्धात अर्काबरोबर ताज्या पेशी मिसळत असाव्यात, हे त्याच्या दीर्घायुष्याचे प्रचलित स्पष्टीकरण आहे. विभाजनागणिक आखूड होणारी टेलोमिअर हे या मर्यादेचे प्रमुख कारण असल्याचे नंतर स्पष्ट झाले.