डॉक्टर रिचर्ड ब्राइट

पावसाळ्यांत कर्जत-खालापुराकडे मुलांच्या अंगावर फोड पिकतात. ते बरे झाल्यावर कांहीं आठवड्यांनीं क्वचित् एखाद्याचें तोंड सुजतें, लघवी तांबूस होते, डोकें दुखून दृष्टि अंधुक होते. आणि आपण चष्मा शोधूं लागतों! वस्तुतः दोष मूत्रपिंडांचा असतो. तीं बिघडलीं कीं रक्ताचा दाब चढून डोळ्याच्या आंतील पडद्यास इजा होते. दाब वेळींच उतरविल्यास दृष्टि बहुधा परत येते.

या ज्ञानाचा पाया घालणाऱ्या डॉक्टर ब्राइट यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों. ते इ. स. १७८९ मध्यें ब्रिस्टल येथें जन्मले. तरुणपणीं त्यांनीं आइसलंड व हंगेरी हे देश पाहिले. पुढें लंडनच्या गायज् रुग्णालयांत सुजलेल्या रोग्यांचें मूत्र चमच्यांत घेऊन ते मेणबत्तीवर तापवीत. तें अंड्यांतील पांढऱ्या भागासारखें गोठलें, कीं मूत्रपिंडें बिघडलीं असें जाणत. केवढें साधें साधन! १८२७ मध्यें त्यांनीं हा शोध प्रसिद्ध केला. अशा रोग्यांचें हृदयही वाढतें, हें त्यांस दिसलें होतें. पण दाब मोजण्याचा दंडाचा पट्टा १८९६ मध्यें निघाला, आणि ते १८५८ मध्येंच निवर्तले. डोळ्याचा पडदा पाहण्याचें हेल्महोल्ट्झ यांचें यंत्र तेवढें त्यांच्या हयातींत, १८५१ मध्यें, आलें होतें.