वर्गातले बाबासाहेब : सातारच्या गोणपाटापासून मिलिंदच्या बाकापर्यंत

आम्ही नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहून शिकणाऱ्या मुलामुलींसोबत काम करतो. दरवर्षी जून-जुलैमध्ये प्रवेशाची धावपळ असते. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळं होतं. पण दिवाळीनंतर त्याच मुलांना भेटलं की चित्र वेगळं दिसतं. लातुरात बारावी विज्ञानाचा मुलगा नावाला कॉलेजात असतो आणि दिवसभर क्लासमध्ये. ज्याच्या बापाला क्लासची फी झेपत नाही, तो दोन्हीकडे नसतो. बी.ए.च्या वर्गात पटावर सत्तर-ऐंशी नावं, समोर दहा-बारा जण. सर नोट्स सांगतात, पोरं उतरवून घेतात. कुणी काही विचारत नाही.

जयंतीला आपण बाबासाहेबांच्या पदव्या मोजतो. त्यांनी वर्गात काय सोसलं, स्वतः कसं शिकवलं आणि कसं कॉलेज उभारलं, हे मात्र फार बोललं जात नाही. म्हणून या वेळी त्यांच्या आयुष्याकडे वर्गाच्या दारातून पाहू या.

बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 चा, महू छावणीतला. सातारच्या शाळेत त्यांचा पहिला वर्ग म्हणजे वेगळं बसणं. बसायला घरून आणलेलं गोणपाट. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी, नाही तर तहान तशीच. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये एकदा शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावलं. फळ्यामागे मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. डबे बाटतील म्हणून मुलं धावली, डबे बाजूला काढले आणि मगच भीमराव फळ्यापर्यंत पोहोचले. संस्कृत शिकायची इच्छा होती, तीही डावलली गेली आणि फारसी घ्यावी लागली.

पण त्याच मुंबईत त्यांना कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी भेटले. चर्नी रोडच्या बागेत रोज वाचत बसणारा मुलगा त्यांच्या नजरेत भरला. त्यांनी विचारपूस केली, पुस्तकं दिली. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून मदत मिळवून देण्यातही त्यांचा हात होता. केळुसकर काही त्यांचे वर्गशिक्षक नव्हते. एका शिक्षकाने एका मुलाला वाचताना पाहिलं आणि तो थांबला, एवढीच ती गोष्ट. 1956 च्या धम्मदीक्षेकडे जाणाऱ्या वाटेवर हे पुस्तकही होतं, हे आपण विसरता कामा नये.

1913 साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. तिथे अर्थशास्त्राचे सेलिग्मन आणि तत्त्वज्ञानाचे जॉन ड्युई हे त्यांचे शिक्षक. ड्युईंच्या शिक्षणविचाराचा गाभा असा की शिकणारा रिकामं भांडं नसतो. अनुभव, प्रश्न आणि विचार यांतूनच शिक्षण घडतं. जिथे मूल बोलत नाही तिथे लोकशाहीही शिकवता येत नाही. फळ्यापर्यंत जायला वाट नसलेल्या विद्यार्थ्याला हा वर्ग केवढा मोकळा वाटला असेल, याची कल्पना आपण करू शकतो. ग्रंथालयात तासन्‌तास बसून वाचण्याची त्यांची सवय इथेच पक्की झाली.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून 1917 साली ते परतले. नोव्हेंबर 1918 मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. सुरुवातीला विद्यार्थ्यांनी त्यांना फारसं मनावर घेतलं नाही. अस्पृश्य माणूस काय शिकवणार, ही भावना होती. बाबासाहेबांनी त्याला भांडून उत्तर दिलं नाही, तयारीने दिलं. प्रत्येक तासासाठी कसून वाचन, मुद्द्यांची मांडणी, सोपं करून सांगणं. थोड्याच दिवसांत वर्ग भरू लागला, दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थीही परवानगी काढून येऊन बसू लागले. पण प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, असा आक्षेप काही सहकाऱ्यांनी घेतलाच. विद्यार्थी बदलले, स्टाफरूम बदलली नाही. हे वाक्य आज लिहितानाही आम्हाला ते जुनं वाटत नाही.

या नोकरीत असतानाच 31 जानेवारी 1920 रोजी त्यांनी मूकनायक सुरू केलं. मार्च 1920 मध्ये राजीनामा देऊन, साठवलेले पैसे घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. 1923 ला बॅरिस्टर होऊन परतले आणि त्याच वर्षी डी.एस्सी.ही मिळाली.

त्यानंतरचा एक प्रसंग तरुणांना फारसा माहीत नसतो. 1924 साली मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी चिमणलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बाबासाहेबांनी तिला लेखी निवेदन दिलं. त्यात त्यांनी वर्गाचाच प्रश्न धरला. विद्यापीठ म्हणजे परीक्षा घेऊन पदव्या वाटणारं कार्यालय नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं. विद्यार्थ्याच्या डोक्यात माहिती भरण्यापेक्षा त्याला स्वतः विचार करायला लावणं महत्त्वाचं. मोठ्या ग्रंथकारांनाही तपासून वाचण्याची सवय त्याला लागली पाहिजे, सत्यापर्यंत पोहोचणं किती कठीण आणि किती मोलाचं आहे याची जाणीव झाली पाहिजे. पदवीचं शिकवणं आणि पदव्युत्तर शिकवणं यांची फारकत करू नये, असाही त्यांचा आग्रह होता. म्हणजे संशोधन करणारा शिक्षक पहिल्या वर्षाच्या मुलांपासून दूर ठेवायचा नाही. शंभर वर्षं झाली या निवेदनाला. नोट्स उतरवून घेणाऱ्या आपल्या वर्गासमोर ते ठेवून पाहा.

शिकवणं त्यांनी सोडलं नाही. 1925 ते 1928 बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत त्यांनी व्यापारी कायदा शिकवला. 1928-29 मध्ये शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक, आणि जून 1935 पासून 1938 पर्यंत तिथेच प्राचार्य. मे 1935 मध्ये रमाई गेल्या होत्या, ऑक्टोबरमध्ये येवल्याची घोषणा झाली. एवढ्या वादळातही 1936 साली कॉलेजच्या नियतकालिकासाठी त्यांनी कायद्याच्या शिक्षणात काय बदल हवेत यावर लेख लिहिला. नुसती कलमं पाठ करून वकील घडत नाही, कायद्याच्या अभ्यासाला इतर विषयांच्या अभ्यासाची जोड हवी, हे त्यात त्यांनी मांडलं.

8 जुलै 1945 रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि 20 जून 1946 ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. नोकरी करून शिकणाऱ्या गरीब मुलांना येता यावं म्हणून वर्ग सकाळी ठेवले. आधी विद्यार्थ्याचा दिवस पाहिला, मग वेळापत्रक केलं. तिथे विद्यार्थ्यांची संसद चालत असे. जानेवारी 1950 मध्ये, देशाचे कायदामंत्री असताना, बाबासाहेब या विद्यार्थी संसदेत हिंदू कोड बिलावर बोलायला आले होते.

मग आला आपला मराठवाडा. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. उच्च शिक्षणाचं माध्यम उर्दू आणि उस्मानिया विद्यापीठ थेट हैदराबादला. खेड्यातल्या दलित पोराने कॉलेजात जायचं स्वप्नही पाहू नये अशी स्थिती. जून 1950 मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज सुरू केलं. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढे कॉलेजला मिलिंद आणि परिसराला नागसेनवन ही नावं मिळाली.

ही नावं म्हणजेच बाबासाहेबांचं शिक्षणशास्त्र आहे, असं आम्हाला वाटतं. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा, नागसेन हे उत्तर देणारे भिक्खू. मिलिंदपञ्हमध्ये नागसेन आधी अट घालतात की चर्चा विद्वानांसारखी करायची असेल तर बोलू, राजासारखी करायची असेल तर नाही. कारण विद्वान खोडून काढलं तरी रागावत नाही आणि राजा विरोध करणाऱ्याला शिक्षा करतो. लक्षात घ्या, कॉलेजला नाव उत्तर देणाऱ्याचं दिलं नाही, प्रश्न विचारणाऱ्याचं दिलं. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्या काळात मिलिंदमध्ये वाङ्मय, नाटक, वादविवाद बहरले. चिटणीसांचं युगयात्रा नाटक तिथलंच. गंगाधर पानतावणे तिथेच शिकवू लागले आणि त्यांनी अस्मितादर्श चालवलं. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून, आपल्या नांदेड-लातूरकडूनही, पत्र्याची पेटी घेऊन पोरं तिथे गेली. आपल्याकडच्या अनेक घरांतला पहिला पदवीधर मिलिंदचाच निघतो.

6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेब गेले. 1958 ला मराठवाडा विद्यापीठ झालं. त्याला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले, नांदेडच्या गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आलं. आता कॉलेज तालुक्याला आहे, बस आहे, आरक्षण आहे.

पण वर्ग गप्प आहे. आमच्या ओळखीच्या एका मुलीने तासाला शंका विचारली. सरांनी तिचं आडनाव विचारलं आणि मग शिष्यवृत्ती कधी जमा होते यावर विनोद केला. ती मुलगी वर्षभर पुन्हा बोलली नाही. डबे हलवणारे हात आजही आहेत, फक्त डबे दिसत नाहीत.

यावर उपाय म्हणून आम्ही मोठं काही करत नाही. रविवारी विहारात वंदनेनंतर तासभर अभ्यास मंडळ बसतं. नियम एकच : आठवड्यात कॉलेजात जे शिकवलं त्यावर प्रत्येकाने एक प्रश्न आणायचा, आणि सोमवारी तो वर्गात विचारायचा. एकट्याला भीती वाटते म्हणून तिघे सोबत बसतात. काही सर चिडले. काही सर मात्र खुलले. इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं म्हणाले. एक सर तर आता स्वतः रविवारी येतात.

मित्रांनो, क्लासची फी भरणं सगळ्यांना शक्य नाही, पण कॉलेजचा तास आपल्या हक्काचा आहे. तो रिकामा ठेवला तर अनुदानही जाईल आणि कॉलेजही. आपल्या समाजातले जे प्राध्यापक झाले त्यांनाही आमची विनंती आहे. सिडनहॅममधल्या त्या दिवसांची आठवण ठेवा. तयारी करून वर्गात जा आणि कोपऱ्यात वाचत बसलेल्या पोरापाशी केळुसकरांसारखं एकदा थांबा. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही मिलिंद व्हा. नागसेन आपोआप सापडतील.

जयभीम. नमो बुद्धाय.