प्रश्नांना उत्तरं देणारा गणिताचा प्रोफेसर

१९२७ साल म्हटलं की महाडच्या पोरांना वेगळं काही सांगावं लागत नाही. २० मार्चला चवदार तळं, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन. शाळेपासून तोंडपाठ. पण या दोन तारखांच्या मधे, १५ जुलैला, मुंबईत एक छोटंसं मराठी मासिक सुरू झालं. नाव ‘समाजस्वास्थ्य’. काढणारा माणूस गणिताचा प्रोफेसर, आणि विषय? स्त्री-पुरुषांचे शरीरसंबंध, गर्भनिरोधन, गुप्तरोग. म्हणजे आजही ज्या धड्याला आल्यावर वर्गात खसखस पिकते आणि मॅडम तो घरी वाचून यायला सांगतात, तोच विषय.

पुढे सात वर्षांनी या संपादकाला कोर्टात उभं केलं गेलं. तेव्हा त्याची बाजू मांडायला उभे राहिले ते चवदार तळ्याचेच बॅरिस्टर, डॉ. बाबासाहेब आंबेडकर. या संपादकाचं नाव रघुनाथ धोंडो कर्वे.

मुरूडचा रघुनाथ

रघुनाथचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, मुरूडचा. आपल्या जंजिऱ्याजवळचं मुरूड नव्हे हं! हे दापोलीचं. पोलादपूरहून कशेडी उतरून खेडला जायचं आणि तिथून दापोलीला वळायचं, त्या बाजूचं. वडील म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. विधवांसाठी आश्रम काढणारे, बायकांचं विद्यापीठ उभारणारे, पुढे भारतरत्न मिळालेले.

रघुनाथ नऊ वर्षांचा असताना, १८९१ मध्ये, आई राधाबाई गेल्या. बाळंतपणात. त्या काळात ही बातमी गावोगाव इतकी नेहमीची होती, की कुणी कारण विचारत नसे. देवाची मर्जी म्हणायचं आणि गप्प बसायचं. बाईला किती वेळा दिवस जावेत, हे ठरवणं तिच्या हातात नव्हतंच. हा मुलगा पुढे आयुष्यभर त्याच प्रश्नाशी भांडत राहिला.

अभ्यासात पोरगा भयंकर हुशार. १८९९ च्या मॅट्रिकला पहिला. पुण्याच्या फर्ग्युसनमधून बी. ए., मग गणिताचं अध्यापन, उच्च शिक्षणासाठी पॅरिस. परत येऊन मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवायला लागला, तर आयुष्य सुरळीत चालायला हरकत नव्हती. पगार, प्रतिष्ठा, कर्व्यांचं नाव, सगळं होतं.

नोकरी गेली, दवाखाना सुरू झाला

१९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी असंच केंद्र काढलं. अमेरिकेत मार्गारेट सँगर यांनी १९१६ मध्ये काढलेलं केंद्र पोलिसांनी काही दिवसांतच बंद पाडलं होतं. थोडक्यात, ही गोष्ट तेव्हा जगात कुठंच सोपी नव्हती. कर्वे जाहीरपणे या विषयावर बोलायला लागले, तेव्हा मिशनऱ्यांच्या विल्सन कॉलेजनं त्यांना राजीनामा द्यायला सांगितलं. त्यांनी विषय सोडला नाही, नोकरी सोडली.

त्यांचं म्हणणं लोकसंख्येपुरतं नव्हतं. बाईचं शरीर तिचं आहे, मूल कधी आणि किती हे ठरवण्याचा हक्क तिला हवा, आणि शरीरसुखावर तिचाही पुरुषाइतकाच अधिकार आहे, असं ते मांडत. शेवटच्या मुद्द्यानं तर भले भले सुधारकही गडबडले. विधवाविवाह चालेल, मुलींची शाळा चालेल, पण बाईला सुख? हे जरा अतीच झालं!

१९२३ मध्ये त्यांची दोन पुस्तकं आली, एक संततिनियमनावर आणि दुसरं ‘गुप्तरोगांपासून बचाव’. या दुसऱ्याचं महत्त्व आपल्या भागाला कळायला हवं. महाड-पोलादपूरच्या घराघरांतून तेव्हा पुरुष मुंबईला गिरणीत जायचे. बायको गावी, नवरा चाळीच्या खोलीत दहा-पंधरा जणांत. वर्षातून शिमग्याला नाहीतर गणपतीला घरी. अशा जगण्यात शहरात लागलेला रोग घरच्या बाईपर्यंत पोचणं अवघड नव्हतं, आणि पेनिसिलिन अजून यायचं होतं. बाईला आजार होई, आणि वर दोषही तिलाच लागे. कर्वे सरळ सांगत होते की रोग हा पापाचा दंड नसतो, रोग हा रोग असतो. तो कसा होतो ते समजून घ्या, टाळा, लपवू नका.

पत्नी मालतीबाईंची त्यांना साथ होती. मूल होऊ द्यायचं नाही हा निर्णय दोघांनी मिळून घेतला आणि पाळला. त्या काळात मूल नसलेल्या बाईला लोक काय काय बोलत असतील, याची कल्पना करा. ते बोलणं कर्व्यांपेक्षा मालतीबाईंनी जास्त सोसलं असणार. १९४४ मध्ये त्या गेल्या.

कोर्टातला वाचक-पत्रव्यवहार

‘समाजस्वास्थ्य’ चालवणं म्हणजे रोजची कसरत. पैसा नाही, जाहिराती कोण देणार? मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र, त्यामुळे लोक उघड शिव्या देत आणि गुपचूप वाचत. मासिकाचा जीव होता तो वाचकांच्या पत्रांत. जे आईबापाला विचारता येत नाही, डॉक्टरलाही विचारायची लाज वाटते, ते लोक कर्व्यांना लिहून विचारत. आणि कर्वे उत्तर देत. उपदेश नाही, भीती नाही. गणित सोडवावं तसं पायरी पायरीनं.

१९३१ मध्ये एका लेखावरून अश्लीलतेचा पहिला खटला झाला आणि दंड बसला. १९३४ मध्ये दुसरा. या वेळी गुन्हा काय? वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं. त्यात हस्तमैथुनाचे प्रश्न होते, समलिंगी संबंधांचेही होते. बाबासाहेबांनी कोर्टात मांडलं, की लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते आपोआप अश्लील ठरत नाही. वाचक विचारणार असेल तर उत्तर मिळालंच पाहिजे, आणि उत्तर देणं हेच त्या मासिकाचं काम आहे. हॅवलॉक एलिस या इंग्रज अभ्यासकाचे दाखलेही त्यांनी दिले. कोर्टाला काही ते पटलं नाही. कर्वे हरले, २०० रुपये दंड झाला.

बाबासाहेबांनी हा विषय तिथं टाकून दिला नाही. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. बाबासाहेब हजर नव्हते, त्यांचं भाषण रोहम यांनी वाचून दाखवलं. ठराव पडला. समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं सांगायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावं लागलं. खटल्यानंतर ८४ वर्षांनी.

स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये सरकारनंच कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला. ज्या कामासाठी कर्व्यांनी नोकरी गमावली, ते आता देशाचं धोरण होतं. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ ला, कर्वे गेले. मासिक त्यांनी अखेरपर्यंत चालवलं. त्यांची सहकारी शकुंतला परांजपे यांनी कुटुंबनियोजनाचं काम पुढे नेलं, त्या राज्यसभेतही गेल्या. अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ हा सिनेमा कर्व्यांवरच आहे. बघितला नसेल तर बघा.

मग आज काय?

कर्व्यांची सगळी मतं आज जशीच्या तशी घ्यावीत असं नाही. त्यांचं वैद्यकीय ज्ञान त्या काळाचं होतं. गर्भनिरोधक गोळ्या नंतर आल्या, एचआयव्ही तर त्यांना माहीतच नव्हता. पण त्यांचा मूळ हिशोब अजून जुळलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांनुसार देशात कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या विवाहित स्त्रिया ३७.९ टक्के, आणि ज्यांच्या नवऱ्याची नसबंदी झाली अशा जोडप्यांचं प्रमाण ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी असूनही! मूल दोघांचं, सुख दोघांचं, टाके मात्र तिलाच.

आणि आपण प्रश्न कुणाला विचारतो? रीलवाल्याला, पॉर्नला, नाहीतर भिंतीवर नंबर रंगवलेल्या ‘गुप्तरोग तज्ज्ञा’ला. तो भीती घालतो आणि पैसे उकळतो. कर्व्यांच्या काळात वाचकाला पोस्टकार्डाचा खर्च होता आणि महिनाभर वाट बघावी लागे. आपल्याला तेवढंही करायचं नाहीये. १० ते १९ वयोगटासाठी सरकारी रुग्णालयांतून ‘मैत्री’ क्लिनिक चालतात. आपल्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात चौकशी करा. एचआयव्ही आणि गुप्तरोगांबद्दल विचारायला १०९७ हा फुकट नंबर आहे, नाव सांगावं लागत नाही.

विचारायला लाज वाटेल, वाटू दे. तळ्याचं पाणी प्यायलाही आधी कुणीतरी पायऱ्या उतरावंच लागतं.