मुलाच्या अंगणात गेलेली शाळा : पद्मभूषण ताराबाई मोडक

आज भारतातील खेड्यापाड्यांत १३ लाखांहून अधिक अंगणवाड्या चालतात. सकाळच्या वेळी लहान मुले तेथे जमतात, गाणी म्हणतात, पोषक आहार घेतात. त्यांच्या वजनाची नोंद होते. अंगणवाडी हा शब्द आता इतका रुळला आहे की, ही कल्पना प्रथम कोणाच्या हातून आकारास आली, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यातील, बोर्डी या समुद्रकाठच्या गावात एका उच्चशिक्षित स्त्रीने आपल्या आयुष्याच्या उत्तरार्धात वस्तीवस्तीच्या अंगणांत शाळा भरविली, तेथे या कल्पनेचा उगम आहे. ती थोर स्त्री म्हणजे पद्मभूषण ताराबाई मोडक.

ताराबाईंच्या जीवनकार्यातून दोन तत्त्वे ठळकपणे दिसून येतात. प्रत्येक मूल वेगळे असते, म्हणून त्याचे शिक्षणही त्याच्या कलाने व त्याच्या गतीने झाले पाहिजे, हे पहिले तत्त्व. मूल निर्भय व सुरक्षित असल्याखेरीज ते काहीही शिकू शकत नाही, हे दुसरे. वरवर पाहता ही दोन तत्त्वे स्वतंत्र वाटतात. परंतु ताराबाईंचे कार्य बारकाईने पाहिल्यास ती एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे ध्यानात येते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबई येथे झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव व आई उमाबाई हे दोघेही प्रार्थना समाजाच्या सुधारणावादी विचारांचे होते. मुलींनी शाळेत जाणे हीच जेथे नवलाई होती, त्या काळात या घराने आपल्या कन्येस महाविद्यालयात पाठविले आणि १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. पुढील वर्षी अमरावती येथील वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक कन्यारत्न प्राप्त झाले. दुर्दैवाने हा संसार टिकला नाही आणि १९२१ साली पतिपत्नी विभक्त झाली. पदरी लहान मूल असलेल्या, पतीपासून विभक्त झालेल्या स्त्रीकडे समाज त्या काळी कोणत्या दृष्टीने पाहत असेल, याची कल्पना सहज करता येईल. ताराबाईंनी खचून न जाता राजकोट येथील बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले. शिक्षिका घडविण्याचा त्यांचा अनुभव येथूनच सुरू झाला.

त्याच सुमारास सौराष्ट्रातील भावनगर येथे एक आगळा प्रयोग आकार घेत होता. गिजुभाई बधेका हे व्यवसायाने वकील. १९१३ साली त्यांना पुत्र झाला आणि या मुलास कोणत्या शाळेत घालावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. तत्कालीन शाळांत छडी, घोकंपट्टी व धाक यांचेच राज्य होते. आपल्या मुलाच्या वाट्याला हे येऊ नये, या तळमळीतून त्यांनी इटलीतील विदुषी डॉ. मारिया माँटेसरी यांच्या ग्रंथांचा अभ्यास केला. नानाभाई भट्ट यांनी स्थापन केलेल्या दक्षिणामूर्ती या संस्थेत ते १९१६ साली वकिली सोडून दाखल झाले आणि १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. या कार्याची माहिती मिळताच ताराबाई प्रभावित झाल्या. प्रतिष्ठेचे प्राचार्यपद सोडून १९२३ साली त्या आपल्या छोट्या मुलीसह भावनगरला गेल्या.

भावनगरच्या बालमंदिरात चालणारे काम समजून घेतल्याशिवाय ताराबाईंच्या पुढील कार्याचे मर्म कळणार नाही. तेथे सर्व मुलांना एकाच वेळी एकच पाठ दिला जात नसे. प्रत्येक मूल आपल्या आवडीचे साधन उचलून आपल्या जागी बसे. लहानमोठे दट्टे त्या त्या मापाच्या भोकांत बसविणे, खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरविणे, चौकटीवरील बटणे लावणे व काढणे, अशी ही साधने असत. दट्टा चुकीच्या भोकात बसविला तर शेवटचा दट्टा बसतच नाही. आपली चूक मुलाला स्वतःला दिसते, मोठ्यांनी रागावण्याचे कारणच उरत नाही. ज्याला एका साधनात चार दिवस रमायचे असेल त्याने चार दिवस रमावे; ज्याचे काम लवकर झाले त्याने पुढे जावे. बालमंदिरात परीक्षा नव्हती, शिक्षा नव्हती आणि बक्षिसाचे आमिषही नव्हते.

मग शिक्षकाचे काम काय? बोलणे कमी आणि पाहणे अधिक. कोणते मूल कशात रमते, कोण एकटे बसते, कोणाचे हात थरथरतात, काल खेळणारे मूल आज गप्प का आहे, याचे निरीक्षण करून त्याची टिपणे ठेवणे हा शिक्षकाच्या कामाचा मुख्य भाग मानला जाई. व्यापारी ज्याप्रमाणे खतावणीत प्रत्येक ग्राहकाचे खाते वेगळे ठेवतो आणि सर्वांची उधारी एका पानावर मांडीत नाही, तशीच ही पद्धत होती. प्रत्येक मुलाचे पान वेगळे. या पद्धतीचा लाभ केवळ शिक्षणापुरता नव्हता. ज्या शिक्षकाला मुलाचे रोजचे वागणे ठाऊक आहे, त्यालाच त्यात झालेला बदल चटकन दिसतो. मूल आजारी आहे, उपाशी आहे, घरी मार खाऊन आले आहे किंवा कोणाला तरी घाबरले आहे, हे लहान मूल शब्दांत सांगू शकत नाही. ते त्याच्या वागण्यातून उमगावे लागते. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात छडी घेऊन उभ्या असलेल्या शिक्षकाला ते कधीच उमगणार नाही, आणि छडीच्या धाकाखालील मूल आपले दुःख त्याच शिक्षकाजवळ उघडे करणार नाही.

१९२६ साली गिजुभाई व ताराबाई यांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. शिक्षण पत्रिका या मासिकाद्वारे नव्या बालशिक्षणाचा विचार प्रथम गुजरातीत व पुढे ताराबाईंच्या संपादनाखाली मराठीतही घरोघरी पोहोचू लागला. मुलांना मारू नये, भीती दाखवू नये, त्यांचा अपमान करू नये, हा विचार त्या काळच्या पालकांस पचनी पडणे सोपे नव्हते. छडीवाचून विद्या येत नाही, हा समज पिढ्यान्पिढ्या दृढ झालेला होता. ताराबाईंनी चिकाटीने लेखन, व्याख्याने व शिक्षक-प्रशिक्षण यांद्वारे तो समज बदलण्याचा प्रयत्न केला. १९३६ साली मुंबईत परतून त्यांनी दादर येथे शिशुविहारचे कार्य उभारले. १९३९ साली गिजुभाईंचे अकाली निधन झाले आणि या चळवळीची धुरा प्रामुख्याने ताराबाईंच्या खांद्यावर आली.

शहरातील सुशिक्षित कुटुंबांची मुले आता बालमंदिरात आनंदाने शिकत होती. ताराबाईंनी तेथेच समाधान मानले असते, तर एका यशस्वी संस्थेच्या संचालिका म्हणून त्यांचे नाव राहिले असते. पण ज्या मुलांना त्याची सर्वांत अधिक गरज आहे, त्यांच्यापर्यंत हे शिक्षण पोहोचतच नाही, ही खंत त्यांना स्वस्थ बसू देईना. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ साली, त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. याच सुमारास श्रीमती अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालविधवा असलेल्या, स्वतःच्या जिद्दीवर शिकलेल्या अनुताई पुढे आयुष्यभर ताराबाईंच्या सहकारी व त्यांच्यामागे त्यांच्या कार्याच्या वारसदार ठरल्या.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, तरी दलित वस्तीतील मुले तेथे येईनात. ज्यांना पिढ्यान्पिढ्या गावाने दूर ठेवले, त्यांची चिमुकली मुले एका निमंत्रणावर गावातील शाळेत कशी येणार? आईबाप पहाटेच मजुरीस जाणार, मुलांना आणणार कोण, सांभाळणार कोण? ताराबाईंनी या प्रश्नाचे उत्तर पालकांना दोष देऊन दिले नाही. त्यांनी शाळाच उचलून वस्तीत नेली. एखाद्या घरापुढील सारवलेल्या अंगणात मुले गोळा करावीत, त्यांना आंघोळ घालावी, नखे काढावीत, केस विंचरावेत आणि मग गाणी, गोष्टी, खेळ सुरू करावेत, असा क्रम पडला. हीच अंगणवाडी होय. महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, बिया, पाने, माती यांचा उपयोग करण्यात आला. शिंपल्यांनी मोजणी शिकता येते आणि बियांनी रंग व आकार ओळखता येतात, हे अनुभवाने सिद्ध झाले.

अंगणातील शाळेचा आणखी एक गुण विचार करण्यासारखा आहे. तेथे दार नाही, कुलूप नाही, आडपडदा नाही. शिक्षिका मुलाशी कशी वागते, त्याला हात कसा लावते, त्याच्याशी कसे बोलते, हे शेजारची म्हातारी, येणारीजाणारी बाई, घरी असलेली आई असे सारेच पाहू शकतात. मुलाच्या सुरक्षिततेसाठी याहून साधी व भक्कम व्यवस्था दुसरी कोणती असणार? विश्वास मागून मिळत नाही. चारचौघांच्या डोळ्यांसमोर वागून तो मिळवावा लागतो.

१९५६-५७ च्या सुमारास हे केंद्र डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या परिसरात हलविण्यात आले. सावकार, जमीनदार व जंगलाचे ठेकेदार यांच्याकडून या समाजाने अपार पिळवणूक सोसली होती. त्यामुळे पांढऱ्या कपड्यांतील परक्या माणसाची त्यांना भीती वाटे, ती अनाठायी नव्हती. मुले शाळेत येत नसत, कारण ती गुरे राखत. तेव्हा शिक्षक गुरांच्या मागे कुरणात जाऊ लागले आणि कुरणशाळा जन्माला आली. मोठ्या मुली येत नसत, कारण आई कामावर गेल्यावर धाकट्या भावंडांना त्यांनाच सांभाळावे लागे. तेव्हा पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी असलेली विकासवाडी उभी राहिली. तान्हे मूल पाळण्यात, मधले बालवाडीत आणि ताई शाळेत, अशी ही योजना होती. धाकटे डोळ्यांसमोर सुरक्षित आहे, हे कळल्यावरच ताईचे लक्ष पाटीवर लागे.

तयार कपडा एका मापाचा शिवून सर्वांच्या अंगावर चढविला तर कोणाला तो आखूड होतो, कोणाला ढगळ. आणि दोष मात्र अंगाला दिला जातो! ताराबाईंनी आयुष्यभर मुलाचे माप घेऊन शाळा बेतली. भावनगरच्या मुलासाठी वेगळी, दादरच्या मुलासाठी वेगळी, कोसबाडच्या गुराख्यासाठी आणखी वेगळी. कापड एकच होते, ते म्हणजे मुलाविषयीचा आदर.

१९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताबाने गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि बोर्डीच्या अंगणात रुजलेले अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले. अनुताईंनी १९९२ साली आपल्या निधनापर्यंत कोसबाडचे कार्य निष्ठेने पुढे नेले.

ताराबाईंनी जे मनाने स्वीकारले, ते पुढे कायद्यानेही मान्य केले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ अन्वये विद्यार्थ्यास शारीरिक शिक्षा करणे अथवा त्याचा मानसिक छळ करणे यांस मनाई झाली. २०१२ च्या पोक्सो कायद्याने बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण दिले आणि असा प्रकार कळल्यास तो पोलिसांना कळविणे हे प्रत्येकाचे कर्तव्य ठरविले. संस्था लहान आहे, घरगुती आहे, सर्व माणसे ओळखीची आहेत, म्हणून हे नियम तिला लागू नाहीत, असे नव्हे. उलट ओळखीच्या भरवशावरच पुष्कळदा डोळेझाक होत असते, आणि संस्थेच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून मुलाचे म्हणणे दडपले जाते. नाव मागाहून सावरता येते. दुखावलेले बालपण पुन्हा भरून देता येत नाही.

तथापि कायदा हा घटना घडल्यावर धावून येतो. ती घडू नये यासाठी मुलाला नावाने, स्वभावाने व मनाने ओळखणारे माणूस त्याच्याजवळ असावे लागते. पाठशाळा असो, वसतिगृह असो, संस्कारवर्ग असो की सुटीतील शिबिर असो, चालकांनी काही प्रश्न स्वतःस विचारावेत. एका शिक्षकाकडे मुले किती आहेत? शिकविण्याची जागा सर्वांच्या दृष्टीस पडेल अशी आहे काय? नेमणूक करताना पदवीबरोबर माणसाची चौकशी झाली काय? मुलाने तक्रार केली तर ती ऐकणारे, त्याच्यावर विश्वास ठेवणारे कोणी तेथे आहे काय? आणि आज गैरहजर किंवा गप्प असलेल्या मुलाची विचारपूस संध्याकाळपर्यंत कोण करणार आहे? इमारती देणगीतून उभ्या राहतात. या प्रश्नांची उत्तरे मात्र रोजच्या रोज, एकेका मुलाकडे पाहूनच द्यावी लागतात. बोर्डीच्या अंगणात ताराबाई नेमके हेच करीत होत्या.